हात लावायचा नाही

मी नापास झाले ते एका नाकामुळे. नाक माझं नव्हतं, एका लहान मुलीचं होतं, आणि ते वाहत होतं.

परीक्षा अशी असते. पाळणाघराच्या खोलीत कोपऱ्यात एक बुटकी खुर्ची ठेवतात. तिच्यावर उमेदवाराने बसायचं. परीक्षकबाई एक मूल दाखवतात. त्या मुलाकडे अर्धा तास बघायचं. बोलायचं नाही, बोलवायचं नाही, हात लावायचा नाही. धोका दिसला तरच उठायचं. मग काय बघितलं ते कागदावर लिहून द्यायचं, बस्स. लोक म्हणतात, यात कसली आलीय परीक्षा, बसायचं तर आहे! ज्याला बसता येतं त्याने खुशाल म्हणावं.

मला बसता येत नाही. आई म्हणायची, ही पोटात होती तेव्हासुद्धा एका जागी राहिली नाही. पायाला भिंगरी आणि हाताला चैन नाही, असं माझं सगळं. जेवायला बसले की मीठ आणायला उठते, मीठ आणलं की पाणी आणायला. कुणाच्या खांद्यावर केस दिसला तर मी तो उचलते, मग माणूस ओळखीचा असो नसो. एकदा बसमध्ये पुढच्या बाईच्या कोटाची कॉलर दुमडलेली होती. किती वेळ बघणार? केली सरळ. तिने मागे वळून असे डोळे वटारले की मी पुढच्याच थांब्यावर उतरले आणि उरलेली वाट चालत गेले.

तर ते नाक. अर्धा तास झाल्यावर परीक्षकबाईंनी विचारलं, "मुलीला हात का लावलात?"

"मी? मी काही केलं नाही," मी म्हटलं, आणि अगदी मनापासून म्हटलं.

त्यांनी माझ्या मुठीकडे बोट दाखवलं. मुठीत रुमाल होता, आणि तो ओला होता. मुलीचं नाक लख्ख झालं होतं. तिच्या बुटाची सुटलेली नाडीसुद्धा बांधलेली होती, दुहेरी गाठ मारून, माझ्याच पद्धतीने. शपथेवर सांगते, मला काही म्हणता काही आठवत नव्हतं. माझ्या हातांनी मला न विचारता परस्पर उरकून टाकलं होतं.

आमच्या पाळणाघरात मी कित्येक वर्षं मदतनीस आहे. माझ्या कडेवर बसून गेलेली पोरं आता मला रस्त्यात ओळख देत नाहीत, इतकी मोठी झाली. पण नवा नियम आला. प्रमाणपत्र नसेल त्याने मुलांच्या खोलीत काम करायचं नाही. मागे धुण्याच्या खोलीत चालेल. तिथे मशीन आहे, वाळवायच्या दोऱ्या आहेत, आणि दाराला एक काच आहे, तिच्यातून मुलं दिसतात. मोठ्या बाई म्हणाल्या, "लेखी तर तुम्ही छान पास झालात. या बघण्याच्या परीक्षेला अजून एकदा बसता येईल. पुढे माझ्या हातात काही नाही." मला ती काच नको होती. सकाळी दार उघडलं की धावत येऊन गुडघ्यांवर आदळणारी पोरं हवी होती. दुसरं काही मला येतही नाही आणि आवडतही नाही.

प्रमाणपत्राच्या वर्गात आम्हाला शिकवणाऱ्या बाई माझ्यापेक्षा वयाने पुष्कळ लहान. आवाज मात्र असा की शेजारच्या इमारतीत वर्ग भरावा. नापास झाल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं.

"तुम्ही नाडी बांधून देता तेव्हा मूल काय शिकतं?"

"की मी आहे."

"आणि?"

"आणि काय?"

"आणि हे, की त्याला स्वतःला येत नाही."

मला इतका राग आला! मी त्यांच्या टेबलावरच्या सगळ्या पेन्सिली एका रेषेत लावून टाकल्या. त्यांनी त्या पेन्सिलींकडे बघितलं आणि म्हणाल्या, "घरी सराव करा. कुणाकडे तरी नुसतं बघत बसा. मध्ये पडू नका."

घरी कोण होतं? मुलगा शिकायला दुसऱ्या गावी. नवरा समोर बसून चहा पीत होता, त्याच्याकडे बघत बसले. थोड्या वेळाने त्याने कप खाली ठेवला. "काय झालं? माझं काही चुकलं का?"

"नाही. तुम्ही प्या."

"मग अशी का बघतेस?"

"अभ्यास करतेय."

तो कप उचलून गॅलरीत गेला. मग उरले मामंजी.

माझे सासरे आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. त्यांच्या गाडीत दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक यांच्या. अर्ध्या गावाने यांच्या शिव्या खाऊन लायसन्स मिळवलं. मागच्या वर्षी त्यांना झटका आला आणि उजव्या हातातला जोर गेला, पायही थोडा ओढायला लागले. जिभेला मात्र काही झालं नाही. तेव्हापासून सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं मी लावत असे, पार गळ्याच्या बटणापर्यंत. गळ्याचं बटण उघडं ठेवणारा माणूस ड्रायव्हर नव्हे, क्लीनर, असं त्यांचं मत. मी बटणं लावायचे, ते छताकडे बघत उभे राहायचे. माझं त्यात एक मिनिटही जात नसे.

त्या सकाळी मी शर्ट त्यांच्या हातात दिला आणि समोर खुर्चीवर बसले. हात मांड्यांखाली दाबून ठेवले, कारण बाहेर ठेवले तर त्यांचा भरवसा नाही.

"काय गं?" मामंजी म्हणाले.

"आज तुम्ही लावा."

"का? तुझे हात कुठे गेले?"

"बसलेय त्यांच्यावर."

त्यांनी मला कानाला गोड लागणार नाही असं एक नाव ठेवलं आणि शर्टात हात घातला. डाव्या हाताने बटण धरलं. ते निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. माझ्या मांड्यांखाली बोटं वळवळत होती. इकडे गॅसवर दूध होतं, ते उतू जाईल असं वाटत होतं. दारात पायपुसणं तिरकं पडलं होतं. मामंजींच्या कपाळावर घाम आला. मी जीभ दातांत धरली. बटण भोकाच्या काठापर्यंत यायचं आणि परत फिरायचं. असल्या वेळी बघणाऱ्याला जास्त घाम येतो, हे पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही.

तेवढ्यात नवरा आत आला. आधी बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अगं, हे काय चाललंय? त्यांना जमत नाहीये, दिसत नाही का तुला?"

"दिसतंय."

"मग बसलीस काय ढिम्म? तुझ्या परीक्षेपायी माझ्या बापाचे हाल करणार का?"

ते मला लागलं. लागलं, कारण मलाही तसंच वाटत होतं. मी उठणारच होते, हात निम्मे बाहेर आलेही होते.

"ए, गप!" मामंजी ओरडले. "लागलं एक!"

आम्ही दोघांनी बघितलं. मधलंच कुठलं तरी बटण कुठल्या तरी भोकात गेलं होतं. शर्ट एका बाजूने वर, एका बाजूने खाली. मामंजी त्या बटणाकडे मान वाकवून बघत होते. दूध तोवर खरंच उतू गेलं होतं.

पुढे रोज हेच चाललं. रोज शिव्या, रोज घाम, रोज माझे हात मांड्यांखाली. कधी ते शर्ट फेकून द्यायचे आणि बनियनवर बसून राहायचे दुपारपर्यंत. कधी सगळी बटणं लागायची. गळ्याचं बटण मात्र कधीच नाही. ते दिसत नाही, आणि एका हाताने तिथवर पोचलं तरी धरता येत नाही. मी म्हणायचे, "तेवढं मी लावू का?" ते म्हणायचे, "काही गरज नाही." आणि उघड्या गळ्याने, अपमान झाल्यासारखे खिडकीत जाऊन बसायचे. एकदा मला म्हणाले, "मला शिकवणं कसं जमायचं माहीत आहे? समोर ट्रक येतोय, पोरगा स्टिअरिंगला लोंबकळतोय, आणि माझा पाय ब्रेकवर तरंगतोय. ठेवलेला नाही, तरंगतोय. तुझं काय आहे, तू एकतर ब्रेक दाबून बसतेस नाहीतर पाय वर घेऊन." मी म्हटलं, मला गाडी शिकायची नाही. ते म्हणाले, तुला शिकवणारही नाही, गाडीची दया येते.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी मी पहाटेच जागी झाले. स्वयंपाकघरातले डबे उतरवून पुसले. पुसलेले डबे परत पुसले. नवरा म्हणाला, "आता घर पुसून बारीक होईल, जा." मामंजी त्यांच्या खोलीतून ओरडले, "आल्याबरोबर सांग!"

परीक्षकबाई त्याच होत्या. बुटकी खुर्ची तीच असावी, पाय डुगडुगत होता. माझ्या वाट्याला आलेल्या मुलाला तिथे सगळे भोवरा म्हणत. का ते लगेच कळलं. खोलीत पाय ठेवल्यापासून तो एकदाही टेकला नाही. म्हणजे मीच, फक्त लहान आणि मुलगा. मी खुर्चीवर बसले आणि सवयीने हात मांड्यांखाली घातले.

"हात वर घ्या," परीक्षकबाई म्हणाल्या.

"असेच बरे आहेत," मी म्हटलं.

"नाही. तशाने मुंग्या येतात. वेळ पडली तर उठणार कशा? हात मांडीवर, मोकळे."

इतके दिवस रोज सकाळी मामंजींचे आणि माझे हाल करून जे शिकले, ते पहिल्याच मिनिटाला काढून घेतलं. हात मांडीवर ठेवले. त्या हातांकडे बघायची मला भीती वाटत होती.

भोवऱ्याला बाहेर खेळायला जायचं होतं, आणि बाहेर जायचं तर कोट घालायचा असा तिथला नियम. त्याने खुंटीवरचा कोट ओढून काढला आणि उलटा घातला. मग सुलटा घातला. मग चेन लावायला बसला. चेनची खालची टोकं एकात एक जाईनात. त्याने ओठ बाहेर काढले, चेनवर फुंकर मारली, कोटाला एक थापड दिली. आणि मग व्हायचं तेच झालं, त्याने माझ्याकडे बघितलं. पोरांना बरोबर कळतं, कोण पाघळतं ते. तो येऊन माझ्या गुडघ्याशी उभा राहिला आणि चेनचं टोक मला दाखवलं.

माझे हात हलले. मी ते हलताना बघितले. पण ते माझ्या स्वतःच्या स्कार्फकडे गेले आणि त्याच्या टोकाला गाठ मारायला लागले. एक गाठ, तिच्यावर दुसरी. भोवरा चेनशी झटत होता आणि मी स्कार्फशी. मी त्याच्याकडे बघून मान हलवली, तेवढंच. बोलायचं नव्हतं. त्याने थोडा वेळ वाट बघितली, माझा काही उपयोग नाही असं ठरवलं, कोट अंगातून काढला आणि जमिनीवर टाकून दिला. मला वाटलं, आता रडेल. तो कसला रडतोय! त्याला तो कोट नकोच होता.

मग त्याने बाक ओढला. खिडकीखाली नेला, त्याच्यावर चढला, आणि खिडकीच्या कट्ट्यावर गुडघा टेकवला. खिडकी बंद होती. पण कट्टा अरुंद होता आणि खाली फरशी होती, सतरंजी तिथवर पोचत नव्हती. धोका आहे की नाही? पुस्तकात धोक्याचं एक प्रकरण आहे, त्यात वीज आहे, पाणी आहे, गरम तवा आहे. गुडघा नाही. उठले आणि धोका नसला तर नापास. नाही उठले आणि पडला तर... त्या नापासाचं मग कुणाला काय पडलंय?

मी उठले. त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. हात पसरले, त्याच्या कमरेपासून वीतभर दूर. मामंजींचा पाय तसे माझे हात. धरलं नाही. धरायची इतकी इच्छा झाली होती की तळव्यांना घाम फुटला. भोवऱ्याने काचेला नाक लावलं, बाहेर जे काही होतं ते बघितलं, त्याच्याकडे बघून जीभ काढली, आणि आला तसा उलट्या पावलांनी उतरला. मी मागच्या मागे सरकून परत खुर्चीवर बसले.

"का उठलात?" नंतर परीक्षकबाईंनी विचारलं.

"पडला असता तर?"

"मग धरलं का नाहीत?"

"पडला नाही."

त्यांनी कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं. त्यांच्या चष्म्याची एक दांडी कानावर वर गेली होती. मी स्कार्फच्या गाठी मोजल्यासारखं केलं आणि तिकडे बघायचं टाळलं. "आज संध्याकाळपर्यंत तुमच्या बाईंना कळवते," त्या म्हणाल्या. एवढंच.

घरी येताना बसमध्ये मी बसलेच नाही. रिकाम्या जागा होत्या तरी दांडी धरून उभी. फोन हातात, मग पर्समध्ये, मग परत हातात. आपण उठायलाच नको होतं, असं पहिल्या थांब्याला वाटलं. दुसऱ्या थांब्याला वाटलं, त्याला तेव्हाच धरायला हवं होतं. आमच्या थांब्यापर्यंत मी तीनदा पास आणि पाचदा नापास झाले होते.

आमच्या इमारतीत शिरले तर जिन्याखाली, सायकलींच्या शेजारच्या कट्ट्यावर मामंजी बसलेले! झटका आल्यापासून ते नवऱ्याचा दंड धरल्याशिवाय जिना उतरले नव्हते.

"तुम्ही इथे? कोणी आणलं?"

"मीच. दुसरं कोण आणणार? निकाल ऐकायला आलो."

"एकटे उतरलात? पडला असता म्हणजे? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"उतरलो तेव्हा तू नव्हतीस, म्हणून नीट उतरलो," ते म्हणाले. "काय झालं, पास?"

"कळायचंय अजून. चला वर. हात द्या."

त्यांनी हात दिला नाही. डाव्या हाताने कठडा धरला आणि उठून उभे राहिले. "उतारावर गाडी कोणाचीही जाते," ते म्हणाले. "शिकाऊ माणूस चढावर कळतो. हो मागे."

मी मागे झाले. दोन पायऱ्या खाली, त्यांच्या पाठीमागे. ते डावा पाय वर टाकत, कठडा ओढत, आणि मग उजवा पाय मागून येई, कधी पायरीवर, कधी पायरीच्या कडेला अडकून. अडकला की माझा जीव घशात. पर्स मी खांद्यावरून गळ्यात अडकवली आणि दोन्ही हात पुढे धरले. पहिल्या मजल्यावर ते थांबले. धाप लागली होती. शर्टाची सगळी बटणं लागलेली होती, एक भोक चुकवून, वरपासून खालपर्यंत. गळा उघडा.

दुसऱ्या मजल्याच्या निम्म्या जिन्यावर असताना माझा फोन वाजला.

या वेळी कोण करणार? बाईच. फोन पर्समध्ये, पर्स माझ्या पोटाशी. नुसता हात घालायचा अवकाश. माझं सगळं अंग त्या फोनकडे ओढलं गेलं.

"उचल की," मामंजी न वळता म्हणाले. त्यांचा उजवा पाय पायरीच्या कडेवर होता.

"तुम्ही चढा."

"अगं, निकाल असेल."

"असू दे. चढा तुम्ही."

फोन वाजून बंद झाला. परत वाजायला लागला. सगळा जिना त्या आवाजाने भरून गेला. मामंजींनी पाय ओढून वर घेतला. मग पुढची पायरी. त्यांची पाठ माझ्या तळव्यांपासून वीतभर दूर होती आणि मी ती वीत सोडली नाही. मला रडू येत होतं आणि डोळे पुसायलासुद्धा हात मोकळा नव्हता.

आवाज ऐकून नवऱ्याने दार उघडलं. बाप समोर उंबऱ्याशी उभा, घामाने निथळलेला, आणि मागे मी, हात पसरून. "बाबा एकटे चढले? आणि तू काय करत होतीस?"

"काही नाही," मी म्हटलं.

फोन तिसऱ्यांदा वाजला. मी उचलला, पण कानाला लावायची गरज पडली नाही. "अहो, आहात कुठे!" बाईंचा आवाज पार वरच्या मजल्यापर्यंत गेला असेल. "झालात! पास झालात! त्यांनी शेरा मारलाय, उमेदवार फार चुळबूळ करतात, पण स्वतःच्याच स्कार्फशी!"

नवरा हसत होता की काय करत होता, नीट दिसलं नाही. मामंजींनी दाराच्या चौकटीला पाठ टेकली आणि मान वर केली.

"आता हे गळ्याचं लाव," ते म्हणाले. "ते एक मला येत नाही."

मी पुढे झाले. बटण धरलं आणि ते निसटलं. पुन्हा धरलं. माझी बोटं अशी थरथरत होती की भोक सापडेना, आणि सापडलं तर बटण हातातून गेलेलं. एका मिनिटाचं काम, पण मला ते काही केल्या जमेना. नवरा म्हणाला, "थांब, मी लावतो."

"तू गप," मामंजी म्हणाले. छताकडे बघत ते तसेच उभे राहिले, मला हवा तेवढा वेळ.